‘स्वयंचलित’ की ‘स्वयंसंघटनशील’?

प्रश्न असा आहे : परिसरातल्या असंख्य लहान उपकरणांमध्ये विखुरलेल्या आणि मुंग्यांसारख्या जीवांवरून सुचलेल्या संगणकसेवांना ‘सेल्फ-ऑर्गनायझिंग’ आणि ‘अ‍ॅडॅप्टिव्ह’ अशी दोन विशेषणे लावतात, त्या दोहोंसाठी मराठीत ‘स्वयंचलित’ हा एकच शब्द पुरेल का?

माझ्या मते पुरणार नाही. स्वयंचलित जिना माणसाच्या मदतीवाचून चालतो खरा, पण त्याने कसे चालायचे हे कोणीतरी आधीच ठरवून दिलेले असते. या सेवांमध्ये एकूण रचना कोणीच आखून दिलेली नसते. प्रत्येक घटक शेजारच्यापुरते काही साधे नियम पाळतो आणि त्यातून रचना उभी राहते. हा भेद मराठीच्या क्रियापदांत आधीपासूनच आहे. घडी ‘बसवायला’ कर्ता लागतो, तर घडी ‘बसते’ म्हणताना बसवणाऱ्याचा शोध घ्यावा लागत नाही. म्हणून पारिभाषिक शब्द ‘स्वयंसंघटनशील’ घ्यावा, पण त्याचा विग्रह ‘स्वतःला संघटित करणारी’ असा न करता ‘जिची घडी आपोआप बसते अशी’ असा करावा. पहिल्या विग्रहात व्यवस्थेला नसलेली इच्छाशक्ती चिकटते. ‘स्वयंसंघटित’ हा शब्दही चुकीचा नाही, मात्र तो घडी बसून गेल्यानंतरच्या अवस्थेला शोभतो.

‘अ‍ॅडॅप्टिव्ह’साठी ‘अनुकूलनशील’ हा शब्द योग्य आहे. ‘अनुकूलन’ शालेय विज्ञानाच्या पुस्तकांमुळे सर्वांच्या परिचयाचे आहे. हे दोन गुण वेगळे का मानायचे, ते ब्रुसेल्सच्या संशोधकांनी 1989 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातून फार चांगले कळते. त्यांनी अर्जेंटिनी मुंग्यांचे वारूळ आणि अन्न यांच्यामध्ये एक आखूड व एक लांब अशा दोन वाटा ठेवल्या. आखूड वाटेने गेलेल्या मुंग्या लवकर परतत, त्यामुळे तिच्यावर मुंग्यांनी चालताना सोडलेला गंध आधी दाट होई, त्या गंधामागे आणखी मुंग्या येत आणि थोड्याच वेळात बहुतेक रांग त्याच वाटेला लागे. कोणाही मुंगीने दोन्ही वाटा मोजलेल्या नव्हत्या. परंतु आधी केवळ लांब वाट ठेवून आखूड वाट मागाहून जोडली, तेव्हा मुंग्या जुन्या, गंधाने माखलेल्या वाटेवरच अडकून राहिल्या. घडी आपोआप बसली होती, पण परिस्थिती बदलल्यावर ती मोडून नव्याने बसली नाही. म्हणजे स्वयंसंघटन होते, अनुकूलन नव्हते. संगणकशास्त्रज्ञ मार्को डोरिगो यांनी 1992 च्या मिलानमधील प्रबंधात मुंग्यांवरून गणनपद्धती मांडली, तिच्यात वाटांवरचा कृत्रिम गंध, म्हणजे गंधाच्या जागी ठेवलेला आकडा, मुद्दाम विरत जाईल अशी सोय आहे, ती याचसाठी.

मार्को मामेई आणि फ्रँको झांबोनेली या संगणकशास्त्रज्ञांनी हाच विचार उपकरणांच्या जाळ्यात आणला. एक उपकरण एक खूण सोडते, ती शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जाताना प्रत्येक टप्प्याला तिच्यावरचा आकडा एकाने वाढतो आणि ज्याला मूळ उपकरणापर्यंत पोहोचायचे असेल, त्याने उतरत्या आकड्यांच्या दिशेने जायचे. मूळ उपकरण हलले की आकडे पुन्हा जुळतात. इथे ‘स्वयंसंघटनशील आणि अनुकूलनशील सेवा’ असे दोन्ही शब्द लिहिलेच पाहिजेत.

उरला ‘पर्व्हेसिव्ह’, म्हणजे परिसरभर विखुरलेल्या या सेवांना लावले जाणारे तिसरे विशेषण. त्यासाठी ‘व्यापक’ वापरू नये, कारण व्यापक म्हणजे नुसते मोठ्या आवाक्याचे. ‘सर्वव्यापी’ला ईश्वरवर्णनाचा सूर आहे, तरीही मी तोच शब्द घेईन : संगणकशास्त्रज्ञ मार्क वायझर यांनी 1991 मध्ये वर्णन केलेला, नित्याच्या वस्तूंमध्ये मिसळून नजरेआड होणारा संगणक त्या शब्दात नेमका बसतो.