गाडीची कंपनी वॉरंटी संपत आली आहे. एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की पेट्रोल ऑटोमॅटिक गाडी आहे, तीन वर्षांची वॉरंटी दोन महिन्यांत संपतेय, इंदूरच्या विजयनगरमधल्या शोरूममधून सारखे फोन येतात, पुढच्या दोन वर्षांचे 19 हजार मागतात, आणि घरचे म्हणतात की हे नुसते पैसे उकळायचे धंदे आहेत. ते शेवटचं वाक्य वाचलं म्हणून लिहायला बसले. आमच्या घरी हा वाद दर गणपतीला निघतो आणि मोदक संपले तरी संपत नाही.

ऑटोमॅटिक आहे, वॉरंटी गाडी बनवणाऱ्या कंपनीचीच आहे आणि गाडी अजून तीन-चार वर्षं विकायची नाही, या तिन्ही गोष्टी खऱ्या असतील तर घ्या. माझं मत स्पष्ट आहे.

आमचे थोरले दीर लोकमान्यनगरात राहतात. हिशेबाला पक्के, भाजीवालीशीही पावती मागून बोलतील असे. मी गाडी घेतली तेव्हा एक्स्टेंडेड वॉरंटीही घेतली, माझ्या शिकवण्यांच्या पैशातून. ते कळल्यावर दादा भर पंगतीत म्हणाले, "शोरूमवाल्याला बाईमाणूस एकटं दिसलं की तो असलं काहीतरी गळ्यात मारतोच. तेवढे पैसे एफडीत टाकले असते तर निदान व्याज मिळालं असतं." सगळे हसले. मी गणित शिकवते. व्याज कशाला म्हणतात ते मला ठाऊक आहे. पण पाहुण्यांसमोर थोरल्या दिरांना उलट बोलायची आमच्याकडे पद्धत नाही, म्हणून वाढत राहिले.

गाडीला चौथं वर्ष लागलं होतं, म्हणजे मूळ वॉरंटी संपून वाढीव सुरू झाली होती. सासूबाईंना ओंकारेश्वरचं दर्शन करवून आम्ही परत येत होतो. बडवाह सोडलं, चोरल मागे पडलं आणि भेरूघाट चढायला लागलो. खंडवा रोडवर ज्यांनी गाडी चालवली आहे त्यांना तो घाट सांगायला नको. पुढे माल भरलेला ट्रक रांगतोय, मागे बस हॉर्न देतेय, आणि वळणावर माझ्यासमोरच्या मीटरमध्ये गिअरच्या जागी 'एन', म्हणजे न्यूट्रल, लुकलुकायला लागला. अॅक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी तसूभर पुढे जाईना, उलट मागे सरकायला लागली. हँडब्रेक ओढला. मागच्या बसच्या क्लीनरने उडी मारून चाकाखाली दगड लावला, देव त्याचं भलं करो. सासूबाई मागच्या सीटवर नर्मदेच्या पाण्याची बाटली छातीशी धरून बसल्या होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत. टोइंगची गाडी येईपर्यंत अंधार पडला.

गाडी देवास नाक्याच्या वर्कशॉपला गेली. शोरूमचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हा अनुभव कुठल्याही ब्रँडच्या काउंटरवर येऊ शकतो. दुसऱ्या दिवशी अॅडव्हायझर म्हणाला, "मॅडम, क्लच प्लेट गई है, साथ में अॅक्च्युएटर भी बदलना पड़ेगा. वियर एंड टियर है, वॉरंटी में नहीं आएगा." एस्टिमेट 72 हजारांचं. माझ्या शिकवणीतल्या मुलांची कित्येक महिन्यांची फी.

आता हे नीट वाचा, कारण तुमच्या कामाचं हेच आहे. स्वस्त ऑटोमॅटिक, म्हणजे ज्याला एएमटी म्हणतात, त्यात गिअरबॉक्स आणि क्लच साध्या गाडीसारखाच असतो. फक्त तुमच्या पायाच्या आणि हाताच्या ऐवजी एक यंत्रणा क्लच दाबते आणि गिअर टाकते, तोच अॅक्च्युएटर. माझ्या गाडीत ती हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी आहे. त्या यंत्रणेत एक छोटा पंप असतो, तो तेलाचा दाब तयार करतो. माझ्या गाडीत ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं की बॉनेटखालून बारीक 'घूंऽऽ' असा आवाज यायचा. तो या पंपाचा. कॉलनीतल्या मांजरांनाही तो आवाज पाठ होता, दार उघडलं की बॉनेटवरून उडी मारून पळायची. मी वर्कशॉपमध्ये माझ्या हाताने दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. आवाज नाही. क्लच प्लेट झिजली म्हणून पंप गप्प कशाला बसेल?

मी म्हटलं, स्कॅनरवर आलेला कोड मला छापून द्या. गाडीच्या कॉम्प्युटरला दोष सापडला की तो कोडच्या रूपात नोंदून ठेवतो, आणि स्कॅनर लावला की दिसतो. आधी टाळाटाळ झाली. मग एक तरुण मेकॅनिक, ज्याला बहुतेक हा प्रकार पसंत नव्हता, त्याने स्क्रीन माझ्याकडे फिरवली. कोड पंपाच्या मोटरचा होता. क्लचचा एकही नाही. त्यावर अॅडव्हायझरने दुसरा मुद्दा काढला की बाहेरून रिव्हर्स कॅमेरा बसवलाय, वायरिंगला हात लागलाय, म्हणून वॉरंटी रद्द. कॅमेरा त्यांच्याच शोरूममध्ये बसवलेला होता. बिल माझ्या फाइलमध्ये होतं. ते काउंटरवर ठेवलं आणि म्हटलं, "भैया, नाकारायचं असेल तर खुशाल नाकारा. पण वॉरंटीच्या पुस्तिकेतल्या कुठल्या कलमाखाली, ते जॉब कार्डवर लिहा, खाली सही-शिक्का द्या. मी निघते."

लिहून द्यायला कोणी तयार होईना. आत गेले, फोन झाले, कंपनीच्या एरिया ऑफिसचा माणूस येऊन गाडी बघून गेला. शेवटी अॅक्च्युएटर आणि पंप पूर्ण वॉरंटीत बदलला. क्लच प्लेट खरंच बरीच झिजली होती, ती मी माझ्या पैशाने बदलली, अकरा हजारांच्या आसपास लागले. ते बरोबरच आहे. क्लच, ब्रेक पॅड, वायपर, टायर हा झिजणारा माल, तो गाडीच्या वॉरंटीत सहसा येत नाही. त्याबद्दल भांडू नका, भांडायची जागा वेगळी आहे.

दादांना हे सांगितलं तर म्हणाले, "तुझं नशीब." मला या शब्दाचा राग आहे. पंप बिघडला हे नशीब म्हणा हवं तर. पैसे वाचले ते दरवर्षी वेळेवर केलेल्या सर्व्हिसच्या पावत्यांमुळे आणि काउंटरवर उभं राहून भांडल्यामुळे.

दादांच्या गणितात काय चुकतं तेही सांगते. सरासरी काढली तर वॉरंटीत ग्राहकाचा तोटाच आहे, नाहीतर कंपनीने ती विकलीच नसती. इथपर्यंत ते बरोबर. पण मला सरासरी बिल येत नाही. मला एकतर काहीच येत नाही, नाहीतर 72 हजार येतात. ज्याच्या खात्यात एवढी रक्कम नुसती पडून आहे त्याने वॉरंटी नाही घेतली तरी काही बिघडत नाही. ज्याच्या घरी तो महिना कोलमडेल त्याने घ्यावी. आणि "तेवढे पैसे एफडीत टाका" म्हणणाऱ्यांपैकी खरोखर गाडीच्या नावाने एफडी केलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. दादांनीही केलेली नाही. वहिनींनी मला सांगितलं.

शिवाय दादांची गाडी जुनी, साधी, हाताने गिअर टाकायची. तिचा क्लच ओळखीचा मेस्त्री दुपारभरात बसवून देतो. त्या गाडीसाठी वॉरंटी मीही घेतली नसती. त्यांचा अनुभव खरा आहे, पण तो त्या गाडीचा आहे. आता गाड्यांत टर्बो आहे, इलेक्ट्रिक स्टिअरिंगची मोटर आहे, एबीएसचं मॉड्यूल आहे, दहा इंची स्क्रीन आहे. यातलं काहीही रस्त्याकडेच्या मेस्त्रीच्या पान्याने सुटत नाही, सुटा पार्टही बहुतेक वेळा मिळत नाही, अख्खा सेट बदलावा लागतो. डिझेल असेल तर 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांत धुराचा फिल्टर आणि त्याचे सेन्सर आले. राजवाडा ते पलासिया एवढंच फिरणाऱ्या डिझेल गाडीत तो फिल्टर तुंबतो, कारण तो जळून साफ व्हायला लांब, सलग पळावं लागतं. तो वॉरंटीत धरतात की नाही हे पुस्तिकेत आधी बघा.

पैसे देण्याआधी काय बघायचं? एक म्हणजे वॉरंटी कोणाची. काही डीलर स्वतःची किंवा तिसऱ्याच कंपनीची योजना कंपनीच्या लोगोखाली विकतात. तसली मी तरी घेणार नाही, कारण ती त्याच वर्कशॉपपुरती असू शकते आणि भांडायला वर कोणी नसतं. सर्टिफिकेटवर तुमचं नाव, चासी नंबर, तारीख आणि किलोमीटरची मर्यादा हवी. किलोमीटर आणि वर्षं यांत जे आधी होईल ते संपतं, म्हणून रोज पीथमपूरला ये-जा करणाऱ्याला दोन वर्षं मिळतीलच असं नाही. त्याचं मीटर आधी भरेल. आणि सर्व्हिस पॅकेज म्हणजे वॉरंटी नव्हे. फोनवर दोन्ही एका दमात सांगतात.

19 हजारांत 18 टक्के जीएसटी धरलाय का, आणि एकच वर्ष घेतलं तर किती, हेही विचारा. सहसा गाडी नवी असताना घेतली तर स्वस्त पडते, शेवटच्या महिन्यांत महाग होते, आणि मूळ वॉरंटी एकदा संपली की बऱ्याचदा देतच नाहीत. तेवढ्यापुरती फोनवाल्याची घाई खरी आहे. 2024 च्या जुलैत मारुतीनेही मूळ वॉरंटी दोन वर्षं, 40 हजार किलोमीटरवरून तीन वर्षं, 1 लाख किलोमीटरवर नेली. त्यामुळे नवी गाडी घेणाऱ्याला आता निर्णय घ्यायला वेळ जास्त मिळतो. तुम्हाला तो नाही.

बाहेरून सीएनजी किट बसवलेलं असेल, किंवा हॉर्न-लाइटसाठी वायर कापलेल्या असतील, तर माझं वरचं सगळं बोलणं विसरा. 19 हजार वाचवा. सर्व्हिस एखाद्या वर्षी चुकली असेल तरी तेच. गाडी कमी चालते म्हणून सर्व्हिस टाळणारे इथेच अडकतात, कारण किलोमीटर झाले नसले तरी वर्ष झालेलं असतं. उंदरांनी वायर कुरतडल्या, पावसात बेसमेंटमध्ये पाणी भरून इंजिनात गेलं, कोणी ठोकलं, यात वॉरंटीचा काही संबंध नाही. पाण्यासाठी इन्शुरन्समध्ये इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं.

क्लेम नाकारला तर 1915 वर ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथून कंपनीला तक्रार गेली की बऱ्याचदा हालचाल होते. नाहीच झाली तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्याने आता तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. पण तिथेही पहिला प्रश्न कागदाचाच येतो, म्हणून लेखी नकार आणि कोडची प्रिंट आधी हातात घ्या. हे इतक्यांदा सांगतेय कारण माझ्या दोन मैत्रिणींनी काउंटरवरचं तोंडी "नहीं आएगा" ऐकून मुकाट्याने पैसे भरले.

आणि वॉरंटी घ्या किंवा घेऊ नका, हे एक काम करा. मूळ वॉरंटी संपायच्या दोन-तीन आठवडे आधी गाडी वर्कशॉपला नेऊन पूर्ण स्कॅन करायला सांगा. चढावर झटका बसतो, स्टिअरिंगमध्ये टक टक येते, एसी उशिरा गार होतो, जे जे खटकतंय ते जॉब कार्डवर तुमच्या शब्दांत लिहून घ्या आणि प्रत घरी आणा. त्या तारखेआधी नोंदलेला दोष नंतर वाढला तर तो जुनाच आहे हे दाखवायला तो कागद कामी येतो. मॉडेल आणि किलोमीटर कळवलेत तर पुस्तिकेतलं काय बघायचं ते नेमकं सांगेन.