महिनाभर गावी असताना एसीच्या कंत्राटांवर भाच्याने माझ्या वतीने सही केली तर चालेल का?

चालेल, पण त्यासाठी मुखत्यारपत्र (तुमच्या वतीने सही-व्यवहार करण्याचा अधिकार देणारा कागद, म्हणजे पॉवर ऑफ अॅटर्नी) करा, नुसत्या लेटरहेडवरच्या पत्रावर राहू नका. महापे-रबाळ्याच्या कंपन्यांची डक्टिंगची कामं आणि एएमसी (वार्षिक देखभालीची कंत्राटं) एवढाच तुमचा पसारा असेल, तर विशेष मुखत्यारपत्र, म्हणजे ठरावीक कामांपुरतं, पुरतं. सगळ्याच व्यवहारांचा अधिकार देणारं कुलमुखत्यारपत्र मात्र देऊ नका, भाचा कितीही विश्वासाचा असो. कोटेशन, वर्क ऑर्डर, बिलं, किती रकमेपर्यंत सही आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे सगळं नेमकं लिहा. कर्ज काढणं, गाळा विकणं किंवा गहाण ठेवणं हे अधिकार दिलेले नाहीत, असंही स्पष्ट घाला. स्टॅम्प पेपरवर करून नोटरी करून घ्या. बँकेत आधी विचारा, तिथे बहुधा त्यांचाच फॉर्म लागतो. फर्म भागीदारीची असेल तर सगळ्या भागीदारांच्या सह्या घ्या.

आणि परत आल्यावरचं काम कृपा करून टाळू नका. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०८ नुसार, अधिकार काढून घेतल्याचं समोरच्या पार्टीला कळेपर्यंत तिच्यापुरता तो चालूच राहतो. म्हणजे तुम्ही घरी कागद फाडून उपयोग नाही. मुदतीआधी रद्द केलंत तर प्रत्येक ग्राहकाला आणि सप्लायरला लेखी कळवा, पोच घ्या.