दुर्मीळ रंगाचं पिल्लू बहिरं निघालं, परत न देता भरपाई मिळेल का?

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी ऑनलाइन जाहिरात बघून आम्ही डॅशहुंड जातीचं पिल्लू घेतलं, मादी आहे. जाहिरातीत ‘दुर्मीळ डबल डॅपल, निळे डोळे’ असं लिहिलं होतं आणि भावंडांपेक्षा तिची किंमत बरीच जास्त होती. पैसे पाठवण्याआधी मी व्हॉट्सॲपवर विचारलं होतं, ‘पिल्लू ठणठणीत आहे असंच धरून चालते, काही असेल तर आत्ताच सांगा.’ उत्तरात फक्त खातेक्रमांक आला. आता डॉक्टर म्हणतात, ती दोन्ही कानांनी बहिरी आहे आणि जन्मतः लहान असलेल्या डाव्या डोळ्याने तिला दिसत नाही. विक्रेता म्हणतो, ‘रंग तुम्हीच निवडलात. पावतीवर लिहिलंय, पिल्लू परत घेतलं जाणार नाही. तरी वाटलं तर आणून द्या आणि बदल्यात तिचा भाऊ घेऊन जा.’ आम्हाला ती परत द्यायची नाही, पण औषधपाण्याचा खर्च झेपत नाही. काय करावं? (सगळं चॅट सोबत जोडलं आहे.)

उत्तर : पिल्लू स्वतःकडे ठेवूनही भरपाई मागता येते. आणि तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा विक्रेत्यानेच लिहून ठेवला आहे, तो म्हणजे ती जाहिरात. म्हणून नोटीस वगैरे नंतर. आधी त्या जाहिरातीचे, पिल्लाच्या आईवडिलांच्या फोटोंचे आणि त्याने पूर्वी विकलेल्या पिल्लांच्या जाहिरातींचे तारखेसह स्क्रीनशॉट काढा. नोटीस पोचली की सर्वांत आधी जाहिरात गायब होते.

ती जाहिरात एवढी महत्त्वाची का, हे कळायला रंगाचं गणित कळायला हवं. डॅशहुंडमध्ये ज्याला डॅपल म्हणतात तोच इतर जातींमधला मर्ल. पीमेल नावाच्या जनुकातल्या बदलामुळे अंगावर फिकट-गडद असे विखुरलेले डाग येतात. हा बदल आई किंवा बाप, एकाकडूनच आला तर कुत्रा देखणा दिसतो आणि बहुधा निरोगी असतो. दोघांकडून आला, म्हणजे ‘डबल’ किंवा दुहेरी झाला, की अंगावर पांढरा रंग पसरतो, डोळे अनेकदा निळे होतात आणि धोका सुरू होतो. रंग तयार करणाऱ्या पेशी आतल्या कानाच्या कामालाही लागतात. त्या तिथे नसल्या तर पिल्लू काही आठवड्यांचं होईपर्यंत बहिरं होतं. डोळ्यांची घडणही बिघडते. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या, 153 मर्ल कुत्र्यांच्या अभ्यासात एकेरी मर्लमध्ये एका किंवा दोन्ही कानांनी बहिऱ्या कुत्र्यांचं प्रमाण 4 टक्क्यांच्या आत होतं, दुहेरीत ते 25 टक्के होतं. दोन डॅपलचा जोड लावला तर प्रत्येक पिल्लू दुहेरी निघण्याची शक्यता चारात एक. ब्रिटनमधल्या केनेल क्लबने दोन मर्लच्या पिल्लांची नोंदणीच बंद केली आहे, ती या कारणासाठी.

आपल्याकडे रंगावर तशी बंदी नाही. 2017 चे श्वान प्रजनन व विक्री नियम आहेत आणि ते बऱ्यापैकी कडक आहेत : राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे ब्रीडरची नोंदणी, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई, मादीची वर्षात एकच वीण आणि आयुष्यात पाचच, जवळच्या रक्ताचा जोड नाही. पण दोन डॅपलचा जोड लावू नये असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. म्हणून ‘त्याने बेकायदा जोड लावला’ या मुद्द्यावर तक्रार उभी करू नका, ती टिकणार नाही. धोका माहीत असून त्याने तुम्हाला सांगितला नाही, उलट त्याच गोष्टीचे जास्त पैसे घेतले, हा तुमचा मुद्दा.

इथे 1872 च्या करार कायद्याचं कलम 17 कामाला येतं. नुसतं गप्प राहणं म्हणजे फसवणूक नव्हे, असं ते कलम सांगतं, आणि गंमत म्हणजे त्यातले दाखले एका सदोष घोड्याचे आहेत. मालकाने लिलावात घोडा विकला आणि दोषाबद्दल ब्र काढला नाही, तर ती फसवणूक नाही. पण घेणारा म्हणाला, ‘तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा निर्दोष आहे असं मी समजेन,’ आणि मालक गप्प बसला, तर ते मौन बोलण्याइतकंच धरलं जातं. आता तुमचा मेसेज पुन्हा वाचा. वकिलाकडून लिहून घेतला असता तरी याहून नेमका झाला नसता. तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, आणि ग्राहक आयोग पुराव्याच्या नियमांबाबत फार काटेकोर नसला तरी ते जोडलेलं बरं.

विक्रेता दोन बचाव घेईल. एक, ‘आई साधी क्रीम रंगाची आहे, तिच्यात डॅपल आहे हे मला कसं कळणार?’ हे अगदीच खोटं नाही. क्रीम किंवा लालसर कुत्र्यात हा बदल दडून राहू शकतो. पण मग त्याने पिल्लाला ‘डबल’ कशाच्या आधारावर म्हटलं? दुहेरी म्हणायचं तर दोन्ही बाजूंनी आलंय हे ठाऊक असावं लागतं. शिवाय पिल्लाच्या गालाच्या आतल्या स्वॅबवरून जनुकचाचणी होते. तिच्यात दोन प्रती सापडल्या की आई आणि बाप दोघेही वाहक आहेत हे निघतंच, त्याच्या कबुलीची गरज उरत नाही. दुसरा बचाव, ‘त्यांनी जरा चौकशी केली असती तर कळलं असतं.’ कलम 19 मध्ये असा अपवाद खरंच आहे, आणि तुमच्या प्रकरणातली मला वाटणारी खरी कमजोरी हीच. डोळा लहान आहे हे पिल्लू बघताना दिसायला हवं होतं, असं तो म्हणेल. बहिरेपणाचं मात्र तसं नाही. भावंडांच्या गराड्यात बहिरं पिल्लू त्यांच्यामागे पळतं, कुणाच्या लक्षातही येत नाही. कानाची खात्री बेअर चाचणीने होते, तीत आवाजाला मेंदूकडून येणारा विद्युत प्रतिसाद मोजतात. ती करून घ्या. सोय नसेल तर बहिरेपणाचं निदान कशावरून केलं हे डॉक्टरांकडून लेखी घ्या. भर बहिरेपणावर ठेवा, डोळा दुसऱ्या क्रमांकावर.

फसवणूक सिद्ध झाली नाही तरी सगळं बुडालं असं नाही. कायद्याच्या नजरेत पिल्लू ही ‘वस्तू’ आहे (मलाही हा शब्द आवडत नाही, पण इथे तो तुमच्या फायद्याचा आहे). वस्तूविक्री कायद्याच्या कलम 16 नुसार, त्या प्रकारचा माल विकणाऱ्याकडून वर्णनावरून घेतलेली वस्तू विक्रीयोग्य असायलाच हवी, विक्रेत्याला दोष माहीत होता की नव्हता हा प्रश्नच येत नाही. आणि कलम 13 तुम्हाला पर्याय देतं : व्यवहार मोडून पिल्लू परत करण्याऐवजी ते ठेवा आणि नुकसानभरपाई मागा. म्हणून नोटिशीत ‘व्यवहार रद्द करत आहे’ असं चुकूनही लिहू नका. रद्द म्हटलं की घेतलेलं परत देणं आलं. ‘परत घेतलं जाणार नाही’ ही पावतीवरची ओळ इथे गैरलागू ठरते, कारण तुम्ही परत देतच नाही आहात.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करा, 2019 च्या कायद्यानुसार ती तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. मुदत दोन वर्षं. मोबदला, म्हणजे पिल्लासाठी दिलेली किंमत, पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून दाखल होते. सदोष वस्तू आणि दिशाभूल करणारी जाहिरात हे दोनच आधार घ्या. महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणं हेही त्या कायद्यात दिशाभुलीतच मोडतं. पावतीवरच्या ओळीला ‘अन्याय्य करार’ म्हणण्याचा मोह टाळा, तसली तक्रार राज्य आयोगाकडे जाते आणि तुमचे महिने वाया जातात. मागणी वाजवी ठेवा : किमतीतला फरक, आजवरची बिलं, पुढच्या उपचारांचा डॉक्टरांनी लिहून दिलेला अंदाज, मनस्तापाची रक्कम आणि तक्रारीचा खर्च.

‘मी घरगुती माणूस, व्यापारी नाही,’ असंही तो म्हणेल. त्यासाठीच जुन्या जाहिराती जपायच्या. तो नोंदणीकृत ब्रीडर आहे का, हे राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे माहिती अधिकारात विचारा. पोलिसांत मी आत्ता तरी जाणार नाही. फसवणुकीचा गुन्हा होऊ शकतो, पण त्यात हेतू सिद्ध करावा लागतो आणि तुम्हाला हवे आहेत पैसे.

चॅटमध्ये तुमचंही एक वाक्य आहे : ‘मोठी झाली की हिची पिल्लं घेऊ.’ व्यापारी हेतूने घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही, म्हणून तो हे वाक्य नक्की काढणार. एका वाक्याने कुणी व्यापारी होत नाही, पण ते लपवू नका, तक्रारीतच खुलासा करा. तिची नसबंदी करून कागद जोडलात तर प्रश्नच मिटतो. तिच्या वैद्यकीय दृष्टीनेही मला तेच योग्य वाटतं, कारण तिच्या प्रत्येक पिल्लात डॅपलची एक प्रत जाणारच. उद्या हे सगळं ठाऊक असताना तुम्ही तिची पिल्लं विकलीत, तर आज तो जिथे उभा आहे तिथे तुम्ही असाल.

राहता राहिला भाऊ. तो त्याच जोडाचा आहे, त्यामुळे त्याचीही जनुकचाचणी आणि कानाची तपासणी झाल्याशिवाय विचार करू नका. आणि ‘बदल्यात’ म्हणून घेतलात तर तुमचा दावा मिटला असा अर्थ निघू शकतो, म्हणून त्या मेसेजला उत्तर द्या, पण एकच : ‘बदली मान्य नाही, लेखी नोटीस पाठवत आहे.’ नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा, पंधरा दिवसांची मुदत द्या आणि पोचपावती जपून ठेवा.