पुस्तक भरती-ओहोटीच्या क्रमाने लावा

प्रश्न : मी तिसरीच्या वर्गाला शिकवते. सहलीनंतर मुलांनी समुद्रकिनाऱ्यावरच्या प्राण्यांची, वनस्पतींची चित्रं काढली. त्यांचं वर्गासाठी पुस्तक करायचंय, पण ‘हा खेकडा, हा शंख’ अशी नुसती यादी होतेय. काय करू?

उत्तर : ताई, प्राणी एकीकडे आणि वनस्पती दुसरीकडे, ही मांडणी आधी मोडा. किनाऱ्यावर कोणी कुठे राहायचं हे बरंचसं भरती-ओहोटी ठरवते. कोरड्या वाळूतली मर्यादवेल पहिल्या पानावर घ्या. मग नुसते शिंतोडे उडतात तो खडक, मग रोज बुडणारा आणि उघडा पडणारा पट्टा, शेवटी ओहोटीतही पाणी साचून राहतं ते डबकं. पान उलटत मूल पाण्याकडे चालत जाईल.

मधल्या पट्ट्यातल्या चित्रांवर कागदाची झडप लावा. माझ्या वर्गात हे बार्नॅकलसाठी केलं होतं. खडकावरचे ते पांढुरके, खरखरीत सुळके मुलांना दगडच वाटतात. झडपेवर ओहोटी, म्हणजे कवच घट्ट मिटलेलं. झडप उचलली की भरती. झाकण उघडून पिसांसारखे पाय बाहेर येतात आणि पाण्यातलं अन्न आत ओढतात. हा शिंपल्याचा नाही, खेकड्याचा नातलग, हे ऐकून मुलं हरखली. एका मुलीने झडप इतकी उघडली की तिसऱ्या दिवशी ती फाटली, म्हणून मागून कापडी पट्टी लावाच. समुद्रफूलही असंच, ओहोटीत चिकट गोळा आणि भरतीत फूल. ते प्राणी आहे, हे लगेच सांगून टाकू नका.

चुकलेलं चित्र खोडू नका. फोटो शेजारी ठेवून मोजायला सांगा: खेकड्याचे पाय नांग्या धरून दहा. समुद्रशेवाळाला मुलं हमखास मुळं काढतात. त्याला मुळं नसतात, तळाच्या पकडीने ते खडकाला धरून राहतं आणि पाण्यातली पोषकद्रव्यं सगळ्या अंगाने शोषतं.

खरे शंख मात्र पानावर चिकटवू नका. पुस्तक मिटत नाही ही अडचण किरकोळ, पण शंखात राहणारा खेकडा वाढला की त्याला मोठा रिकामा शंख शोधावा लागतो. तो किनाऱ्यावरच राहू द्या.

चित्राखालची ओळ मुलांचीच ठेवा. ‘खेकडा तिरका पळाला आणि मी ओरडले’ असं कुणी लिहिलं असेल, तर त्यातला एक शब्दही बदलू नका.