पाळी गेल्यावर रोज तासभर चालणं हाडांना पुरतं का?

तुमचं वय ५३, पाळी जाऊन दोन वर्षं झाली, रोज तासभर मैत्रिणींसोबत गप्पा मारत चालता; मग हाडांची काळजी मिटली का, असं विचारलंय. नाही मिटली. मीही सहा वर्षं याच समजुतीत होते.

माझी पाळी ५०व्या वर्षी गेली. चालणं सहसा चुकलं नाही, मोबाइलवर पावलं मोजायचे. ५६व्या वर्षी डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारी क्ष-किरण तपासणी) केला तर कण्याचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांच्या तुलनेतला आकडा, उणे २.१, खुब्याचा उणे १.५. उणे १च्या खाली गेलं की हाडं विरळ होऊ लागली असं धरतात, उणे २.५ला ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. एवढं चालून हे फळ? मला रागच आला.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी आधी माझ्या चपला उलट्या करून पाहिल्या. टाच जवळपास नवी, अंगठ्याखालचा भाग मात्र घासून गुळगुळीत. मग मला चालायला लावलं आणि म्हणाल्या, "आवाज ऐका." फरक्, फरक्. मी पाय उचलतच नव्हते, ओढत होते!

हाडाला मिनिटं कळत नाहीत, भार कळतो. रमतगमत चालताना पायावर जेमतेम अंगाच्या वजनाएवढा भार येतो, आणि तो हाडाच्या सवयीचाच असतो. पाऊल झपझप पडलं की तो वाढतो. जॉगिंगमध्ये तर दुपटी-तिपटीवर जातो. शिवाय त्याच त्या भाराला हाड लवकर सरावतं, म्हणून तासभर एकसुरी चालण्यापेक्षा मधूनमधून वेग बदललेला बरा. त्यात पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक ओसरलं की जुनं हाड कुरतडणाऱ्या पेशी मोकाट सुटतात, आणि पाळी गेल्यानंतरची पहिली पाच-सात वर्षं झीज सगळ्यात जास्त. तुम्ही नेमक्या त्यातच आहात.

आता मी दोन मिनिटं इतकी भरभर चालते की बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, मग दोन मिनिटं सावकाश. टाच आधी टेकवायची, मागच्या पायाने जमीन ढकलायची. शेवटी भिंतीजवळ एका पावलाच्या टाचेपुढे दुसरं पाऊल चिकटवून वीस पावलं, तोल सांभाळायला. (पहिल्या दिवशी चारच जमली.)

कण्याला मात्र चालण्याने फारसं काही मिळत नाही. त्यासाठी आठवड्यातून दोनदा वजनं उचलते, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली.

म्हणून चालणं सोडू नका हं. अमेरिकेतल्या नर्सेसच्या मोठ्या पाहणीत (२००२) आठवड्याला किमान चार तास चालणाऱ्या बायकांमध्ये खुब्याचं फ्रॅक्चर, तासाभराहून कमी चालणाऱ्यांपेक्षा ४१ टक्क्यांनी कमी आढळलं होतं.

डेक्सा मात्र आधी करून घ्या. टी-स्कोअर उणे २.५च्या खाली असेल किंवा मणका कधी दबला असेल, तर उड्या आणि कमरेतून पुढे वाकायचे व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. आणि त्यांनी गोळ्या दिल्या तर "मी चालते की" म्हणून टाळू नका. मी आठ महिने टाळल्या होत्या.