पहिली गोळी महत्त्वाची

प्रश्न : हरणाच्या शिकारीसाठी .308 कॅलिबरची सेमी-ऑटोमॅटिक रायफल घेऊ का? की बोल्ट-ॲक्शनच बरी?

उत्तर : दिवसभर पायी फिरणार असाल, तर माझं मत बोल्ट-ॲक्शनच्या, म्हणजे प्रत्येक गोळी हाताने बोल्ट मागे-पुढे करून भरायच्या रायफलच्या, बाजूने. स्कोप (नेम धरायची दुर्बीण) आणि भरलेल्या मॅगझिनसह एआर-10 जातीची सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे एक गोळी सुटताच पुढची आपोआप भरणारी, रायफल सहज साडेचार-पाच किलोंवर जाते, आणि चढावर खांद्याला ते चांगलंच जाणवतं. शिवाय आवाज! सेमी-ऑटोमॅटिकमध्ये पहिली गोळी चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या कप्प्यात) जाताना तो कप्पा बंद करणारा बोल्ट स्प्रिंगच्या जोरावर आपटू द्यावाच लागतो. हाताने धरून हळू सोडलात, तर तो पूर्ण लॉक होईलच असं नाही. शांत जंगलात तो खटका ऐकून हरीण कान टवकारतं, म्हणून ठिय्यावर पोचण्याआधीच, कायदा परवानगी देत असेल तर, रायफल भरून सेफ्टी लावा.

एका जागी बसून शिकार करणार असाल तर गोष्ट वेगळी. गॅसवर चालणाऱ्या यंत्रणेमुळे धक्का कमी जाणवतो, नजर स्कोपवरून हटत नाही, आणि जखमी जनावराला वेदनेत न ठेवता दुसरी गोळी लगेच देता येते. याच कारणासाठी .300 विंचेस्टर मॅग्नमसारख्या जोरकस काडतुसात ब्राउनिंग कंपनीची ‘बार’ (BAR) ही सेमी-ऑटोमॅटिक रायफल मला आवडते. हरणाला मात्र .308 पुरेशी आहे. काही ठिकाणी मोठ्या जनावरांसाठी सेमी-ऑटोमॅटिकला बंदी किंवा मॅगझिनवर मर्यादा असते. पैसे मोजण्याआधी ते तपासा.