शीटमध्ये टोल कुठे आहे?

प्रश्न : ताई नमस्कार, मी बीकॉमच्या तिसऱ्या वर्षाला आहे, इंदूरला सुदामा नगरात राहते. मुंबईच्या एका सल्लागार फर्मची रिमोट इंटर्नशिप करतेय, विषय इन्फ्रास्ट्रक्चर फायनान्स, एकूण आठ आठवडे आणि त्यातले पाच संपले. काम म्हणजे एक मोठी एक्सेल शीट आहे, हायवेच्या प्रोजेक्टची, वर हॅम मॉडेल असं लिहिलंय, त्यात ते पाठवतील ते आकडे मी भरते. सोमवारी वीस मिनिटांचा कॉल असतो, त्यात सगळे भराभर डीएससीआर, आयडीसी असं बोलतात आणि मी नुसती हो हो करते. शीटमध्ये टोलची कमाई मला कुठेच दिसली नाही, मला वाटलं शीट अर्धवट आहे पण विचारायची लाज वाटली. बाबा म्हणतात घरात बसून लॅपटॉपवर कुणी रस्ता शिकतं का, त्यापेक्षा एखाद्या सीएच्या ऑफिसात बस. उरलेल्या तीन आठवड्यांत खरंच काही शिकता येईल का?
— एक विद्यार्थिनी, इंदूर

उत्तर : अगं, टोल कुठे आहे हा प्रश्न तुला पडला ना, तिथेच तुझं शिकणं सुरू झालंय, तो विचारायचा राहिला एवढंच. मी बरीच वर्षं बँकेत प्रोजेक्टच्या फायली तपासल्यात आणि नवीन मुलांमध्ये मी हेच बघायचे, आकडा भरताना हात थांबतो का.

तर आधी टोलचं बघू. तुझी शीट अर्धवट नाही. हॅम म्हणजे हायब्रिड अ‍ॅन्युइटी मॉडेल, केंद्र सरकारने २०१६ च्या जानेवारीत मंजूर केलं. त्याआधी बीओटीचे रस्ते असायचे, म्हणजे कंपनीने रस्ता बांधायचा, टोल घ्यायचा आणि त्यातून कर्ज फेडायचं, पण गाड्या अंदाजापेक्षा कमी आल्या की कंपनीही अडकायची आणि बँकही. हॅममध्ये प्रोजेक्टच्या खर्चाचा ४० टक्के भाग सरकार, म्हणजे बहुतेक वेळा एनएचएआय (राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण), बांधकाम चालू असतानाच टप्प्याटप्प्याने देतं आणि उरलेले ६० टक्के रस्ता सुरू झाल्यावर १५ वर्षांत दर सहा महिन्यांनी, व्याजासकट. टोल घेतला तर तो एनएचएआयकडे जातो, गाड्या कमी आल्या तर ती डोकेदुखीही त्यांचीच. म्हणून तुझ्या शीटमध्ये टोल नाही, त्याच्या जागी उजवीकडे सहा-सहा महिन्यांचे अ‍ॅन्युइटीचे, म्हणजे सरकारकडून येणाऱ्या या हप्त्यांचे, कॉलम असतील, मोजून बघ, ३० भरतील.

आता याच्या पुढचा प्रश्न मी तुला देते, तो येत्या सोमवारी विचार : या अ‍ॅन्युइटीवरचं व्याज कोणत्या दराला जोडलंय? सुरुवातीच्या करारांत ते बँक रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक स्वतः ठरवते तो एक दर, अधिक ३ टक्के असं होतं. २०२० मध्ये बँक रेट ४.२५ वर आला, म्हणजे कंपनीला मिळणारं व्याज झटकन खाली आलं पण तिने घेतलेल्या कर्जाचं व्याज काही तेवढ्या वेगाने उतरलं नाही, मधल्या मधे कंपनी दाबली गेली. म्हणून पुढच्या करारांत ते बँकांच्या एमसीएलआरला, म्हणजे बँका स्वतः कर्जासाठी ठरवतात त्या किमान दराला, जोडलं. एका सेलमधला आकडा कशाला बांधलाय यावर पूर्ण प्रोजेक्ट तरतो की बुडतो ते ठरतं, आणि हे तुला करारातलं ते एक कलम वाचल्याशिवाय कळणार नाही, म्हणून मेंटॉरकडे शीटसोबत कन्सेशन अ‍ॅग्रीमेंटही, म्हणजे सरकार आणि कंपनीतला तो करारही, माग. एनएचएआयचा नमुना करार सगळ्यांना वाचायला खुला आहे, तो तरी नक्कीच वाच.

डीएससीआरला घाबरू नकोस, हप्ता भरायला हातात उरलेला पैसा भागिले हप्ता, बास. समज एक सोलर प्लांट आहे, वर्षाला १४ कोटींची वीज विकली जाते, देखभालीला २ कोटी लागतात, उरले १२, कर्जाचा हप्ता व्याजासकट १० कोटी. डीएससीआर झाला १.२. ऐकायला छान वाटतं. आता ढगाळ वर्ष आलं आणि वीज १० टक्के कमी निघाली, उत्पन्न १२.६, पण देखभालीचे २ कोटी काही कमी होत नाहीत, उरले १०.६, म्हणजे १.०६. आणि १५ टक्के कमी निघाली तर उरतात ९.९ आणि हप्ता आहे १०. उत्पन्न १५ टक्क्यांनीच घटलं आणि प्रोजेक्ट हप्ता चुकवायला लागला! हे तू कोऱ्या शीटवर स्वतःच्या हाताने करून बघ, दुसऱ्याच्या शीटमध्ये एन्टर दाबून हे अंगात भिनत नाही.

आयडीसी म्हणजे बांधकाम चालू असतानाचं व्याज. घर बांधायला कर्ज काढलं आणि घर पूर्ण होईपर्यंतचं व्याजही त्याच कर्जातून भरायचं ठरवलं तर कर्ज वाढतं, कर्ज वाढलं की व्याज वाढतं, व्याज वाढलं की परत कर्ज वाढतं. एक्सेल इथेच सर्क्युलर रेफरन्स, म्हणजे फॉर्म्युला फिरून स्वतःवरच येतोय, म्हणून ओरडतं आणि नवीन मुलं घाबरून तिथे आकडा हाताने टाइप करून मोकळी होतात. असं कधीच करू नकोस. बाहेरून टाकलेले आकडे निळ्या अक्षरात आणि फॉर्म्युले काळ्या अक्षरात ठेवायची पद्धत आहे, ती यासाठीच आहे की पुढच्या माणसाला कळावं कोणता आकडा कुणीतरी आणून टाकलाय आणि तो कुठून आणलाय हे विचारता यावं.

माझ्यावर एकदा हे बेतलंय. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका टोल रस्त्याची फाइल माझ्याकडे होती, गाड्यांची मोजणी छान भरलेली, मी फॉर्म्युले तीनदा तपासले आणि सही केली. वरिष्ठांनी फक्त एवढंच विचारलं, मोजणी कोणत्या आठवड्यात झाली? बघितलं तर त्या भागात जत्रा होती तेव्हाची निघाली. फॉर्म्युले सगळे बरोबर आणि आकडाच खोटा. त्या दिवसापासून मी प्रत्येक फाइलला एक वही ठेवली, एका बाजूला आकडा, दुसऱ्या बाजूला तो कुठून आला, कुणी दिला, कोणत्या तारखेला. तू आजपासून अशी वही कर आणि सोमवारी तोंडी विचारायला संकोच वाटत असेल तर रविवारी रात्री तीन प्रश्न लिहून मेंटॉरला मेल करून टाक. रिमोट कामात माणूस तुझा गोंधळलेला चेहरा बघू शकत नाही, तुला लिहावंच लागतं, आणि लिहिलेल्या प्रश्नाला बहुतेक लोक उत्तर देतात.

आता बाबांचं म्हणणं. त्यांचं अर्धं खरं आहे, नुसत्या लॅपटॉपवर रस्ता कळत नाही. पण तू इंदुरात राहतेस आणि इथे अभ्यासाला घरचा प्रोजेक्ट आहे. तुमच्या नळाला येणारं नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूद गावाहून साधारण ७० किलोमीटरवरून पंपांनी वर चढवून आणतात आणि त्याच्या विजेचं बिल महापालिकेला कोट्यवधींचं पडतं. ते कमी करायला जलूदलाच ६० मेगावॉटचा सोलर प्लांट ठरला आणि त्यासाठी महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये ग्रीन बॉण्ड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचा कर्जरोखा, काढला, २४४ कोटींचा, व्याज ८.२५ टक्के, आणि तो सामान्य माणसालाही १०,००० रुपयांपासून घेता येत होता. मूळ मागणी १२२ कोटींची होती, जास्त पैसे आले तर २४४ पर्यंत घ्यायची मुभा होती, आणि लोकांनी मूळ मागणीच्या जवळजवळ सहापट पैसे लावले. त्याचं ऑफर डॉक्युमेंट उघड आहे, डाउनलोड कर.

त्यातली एक गंमत मला फार आवडते. १,००० रुपयांचा बॉण्ड २५०-२५० च्या चार तुकड्यांत आहे, तुकडे ३, ५, ७ आणि ९ वर्षांनी परत होणार आणि व्याज दर सहा महिन्यांनी. तर पहिली तीन वर्षं सहामाही व्याज ४१ रुपये २५ पैसे, एक तुकडा परत झाला की साधारण ३० रुपये ९४ पैसे, मग २०.६३, मग १०.३१. ही एवढीशी शीट तू करून बाबांना जेवणाच्या टेबलावर दाखव आणि मग त्यांना विचार, बाबा हा पैसा परत कुठून येणार? प्लांट काही वीज विकून नफा कमावणार नाही, तो बिल वाचवणार आहे. वाचलेला पैसा आणि मिळालेला पैसा यात फरक असतो, वाचलेल्यातून हप्ता भरायचा तर तो आधी दुसऱ्या कुठे खर्च होता कामा नये. त्यामुळे शेवटी बघायचं ते महापालिकेचं स्वतःचं उत्पन्न, मालमत्ता कर, पाणीपट्टी, आणि वसुली किती होते ते. बाबा इतकी वर्षं हे कर भरत आलेत, यावर ते तुझ्यापेक्षा जास्त बोलतील बघ.

मग वडोदऱ्याशी तुलना कर. तिथल्या महापालिकेने मार्च २०२२ मध्ये १०० कोटी ७.१५ टक्क्यांनी उचलले. लगेच असं लिहू नकोस की वडोदरा मजबूत आणि इंदूर कमजोर. मार्च २०२२ मध्ये रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना थोड्या मुदतीचं कर्ज देते तो दर, ४ टक्के होता आणि इंदूरचा बॉण्ड आला तेव्हा ६.५. आधी तारीख बघायची, मग मुदत, मग रेटिंग, मग पैसे कुणाकडून घेतले, आणि या सगळ्यातून जो फरक उरेल तेवढाच खरा शहराचा फरक.

एक काळजी मात्र घे. फर्मची शीट मैत्रिणींना पाठवायची नाही, बायोडेटाला जोडायची नाही, तो क्लायंटचा माल आहे. दाखवायला तुझी जलूदची शीट ठेव, सगळे आकडे उघड कागदांतले आणि वहीत प्रत्येकाचा पत्ता. शेवटच्या आठवड्यात मेंटॉरकडे अर्धा तास माग, स्क्रीन शेअर करून तीच शीट दाखव आणि चुका काढायला सांग. आणि अ‍ॅन्युइटीवरच्या व्याजाचा तो प्रश्न या सोमवारीच विचार, पुढच्या सोमवारवर ढकलू नकोस.

प्रश्न : माझ्या मुलाला एका कंपनीचा फोन आला की रिमोट फायनान्स इंटर्नशिप देतो, सर्टिफिकेट मिळेल, आधी १५,००० रुपये भरा. तो दुसऱ्या वर्षाला आहे. भरावे का? आणि सरकारची पीएम इंटर्नशिप आहे त्यात त्याला मिळेल का?
— एक पालक, रामबाग, इंदूर

उत्तर : नका भरू दादा. काम देणारा पैसे देतो किंवा निदान मागत नाही, जो आधी पैसे मागतो तो कोर्स विकतोय आणि त्याला इंटर्नशिप म्हणतोय. कोर्स घ्यायचाच असेल तर कोर्स म्हणून घ्या, मग त्याचा दर्जा आणि किंमत तपासता येते. पीएम इंटर्नशिप योजना २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा २१ ते २४ वयाच्या मुलांसाठी होती, महिन्याला ५,००० मिळायचे, पण फुलटाइम शिकत असलेल्यांना त्यात घेत नव्हते, त्यामुळे आत्ता त्याला बहुधा उपयोग नाही, डिग्री झाल्यावर तेव्हाचे नियम बघा. सध्या त्याच्या कॉलेजच्या प्लेसमेंट सेलमध्ये स्वतः जाऊन या, आणि कुणी इंटर्नशिप दिली तर सही करण्याआधी दोन गोष्टी लेखी मागा, रोज काम कोण बघणार त्याचं नाव आणि आठवड्यातून किती वेळा तो माणूस मुलाशी बोलणार.